हनाबी साहेबांची खुर्ची

आमच्या कॉलेजचं नाव मातोश्री छबुबाई महाविद्यालय. मातोश्री हयात आहेत, अंगठा उठवतात, आणि आपल्या नावाचं कॉलेज नेमकं काय काम करतं हे त्यांनी कधी विचारलेलं नाही. त्यांचे चिरंजीव अर्जुनराव संस्थेचे अध्यक्ष. अख्खा तालुका त्यांना आबा म्हणतो. त्यांनीही कधी विचारलेलं नाही. त्यामुळे कॉलेज अगदी सुखात चाललंय.

गाव अंबाजोगाई. ह्याला मराठवाड्याचं पुणे म्हणतात. म्हणणारे सगळे अंबाजोगाईचेच असतात, पुण्यातलं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. निजामाच्या काळात ह्या गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथं घोडदळाची छावणी होती. छावणी गेली, घोडे गेले, मोकळं रान राहिलं. मोकळं रान आणि आबा एकाच तालुक्यात फार दिवस वेगवेगळे राहू शकत नाहीत. त्या रानाच्या एका तुकड्यावर आता आमचं मुलींचं वसतिगृह आहे.

वसतिगृहाच्या मागं एक नळ आणि एक दगड. नळाला पाणी यायचं तेव्हा यायचं, दगड मात्र कायम हजर. काळा, गुळगुळीत. मोठं माणूस निजणार नाही, लेकरू निजेल एवढा. मी परळीची, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या राखेतली. कपडे दोनदा धुवायची मला घरचीच सवय. त्यामुळे त्या दगडाशी माझी ओळख इतरांपेक्षा जरा जास्त. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कुणाची पाळी चुकली, कोणते सर फळा सोडून कुठं बघतात, हे सगळं त्या दगडावर आपटून आपटून आम्ही स्वच्छ करायचो.

मागच्या वर्षी पाइपलाइनसाठी खोदताना मजुरांनी तो उलथा केला. खालच्या अंगाला अक्षरं निघाली. वरच्या ओळी कसल्या तरी परक्या, चौकोनी वळणाच्या. खाली आपली बाळबोध.

इतिहासाचे भागवत सर आले. लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "मोडी."

भागवत सरांना जे वाचता येत नाही ते सगळं मोडी असतं. एकदा त्यांनी औषधाच्या चिठ्ठीलाही मोडी म्हटलं होतं.

माझी रूममेट धनश्री, धर्मापुरीची, गप्प राहणाऱ्यांतली. तिनं दगडावर पाणी मारलं, पावडर लावली, बोट फिरवत फिरवत खालची ओळ वाचली. 'रिबेका. शलोम झिराडकर यांची मुलगी. मोमिनाबाद छावणी. वय वर्षे सात.'

मग ती तिथंच खाली बसली. आपण इतके दिवस काय आपटत होतो, कशावर आपटत होतो, हे तिच्या डोक्यात घुसलं होतं.

तिनं फोटो काढला. वरच्या ओळी हिब्रू निघाल्या, म्हणून शोधत शोधत तो कोकणातल्या ज्यू लोकांच्या, म्हणजे बेने इस्राएलींच्या एका ग्रुपवर टाकला. रायगडात ह्यांना पूर्वी शनवार तेली म्हणायचे. घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. आता बरेचसे इस्राएलला गेलेत, पण घरात मराठी बोलतात. चौथ्या दिवशी तिकडच्या दिमोना नावाच्या गावाहून एका म्हातारीचा व्हॉइस मेसेज आला. मिल्काबाई झिराडकर.

"ती माझी आत्या गो. माझे आजोबा तिकडे छावणीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. पोर वारली, पलटण हलली, हे लोक परत कोकणात आले. बाबा तर नंतर जन्मले, त्यांनी बहीण बघितलीसुद्धा नाही. तरी मरेपर्यंत एकच म्हणायचे, माझी थोरली बहीण तिकडे एकटी राहिली. दगड आहे का गो अजून? मला एकदा त्याच्यापाशी बसायचंय."

ऐंशीच्या घरातली बाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. धनश्रीनं कुणाला न विचारता सांगून टाकलं, "या आजी. दगड इथंच हाय. मी हाय."

एवढं एक वचन. पुढची सगळी भानगड ह्या वचनाची.

आबांना आधी फार आनंद झाला. इस्राएल म्हणजे ठिबक, एवढं त्यांना माहीत होतं, आणि त्यापुढे माहीत करून घ्यायची त्यांना गरज वाटली नाही. शिवाय कॉलेजला दर्जा देणारी नॅकची समिती यायची होती. आंतरराष्ट्रीय पाहुणे, सामंजस्य करार, फेटे, फोटो. 'विद्यार्थी शोधणार स्थानिक ज्यू वारसा' असा फलक गेटवर लागला. विद्यार्थी म्हणजे आम्ही तिघं: धनश्री, मी आणि आमच्या वर्गातला कामरान. फलकावर आमची नावं नव्हती, आबांचा फोटो होता.

मग आबांच्या वकिलानं आबांच्या कानात एक वाक्य टाकलं. समाधीचा दगड निघाला म्हणजे खाली समाधी असणार, आणि समाधी असली तर ती जमीन कागदावर दाखवली तशी पडीक नव्हती, ते छावणीचं कब्रस्तान होतं. कब्रस्तानावर वसतिगृह कुणी बांधलं, कुणाच्या परवानगीनं बांधलं, असे प्रश्न मग कुणीही रिकामटेकडा विचारू शकतो.

दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या मागं वाळू पडली, खडी पडली, सिमेंटची पोती आली. 'मुलींच्या सोयीसाठी' मागचं सगळं अंगण काँक्रीट होणार होतं. चार वर्षं आम्ही संडासाला कडी मागत होतो. ती मिळाली नव्हती.

"पाहुण्यांना आपण धर्मापुरीला नेऊ," भागवत सर म्हणाले. तिथल्या देवळातल्या एका खांबावर त्यांना सहा टोकांचं काहीतरी दिसलं होतं. "तोच आपला ज्यू वारसा. मी पेपर लिहायला घेतलाय."

"सर, असला षटकोन आमच्या दारातल्या रांगोळीत पन असतो," धनश्री म्हणाली.

"मग तुमचं घराणंही तपासावं लागेल," सर गंभीरपणे म्हणाले.

पाहुण्यांचे सगळे निरोप आधी सरांना ऐकवायचे असा नियम होता. आम्ही वाळूच्या ढिगाकडे बघत बसलो होतो, तेवढ्यात मिल्काबाईंचा निरोप आला, आणि धनश्रीनं तो नियमाप्रमाणे सरांना पाठवला.

"तुमच्या मोठ्या साहेबांना सांग गो. मी आले की दगडापाशी मलिदा व्हायला पाहिजे. एलियाहू हनाबीच्या नावाचा. मलिद्याशिवाय मी परतायची नाही. सोय करून ठेवा म्हणावं."

आता मलिद्याचं असं आहे. कामरानच्या घरी मलिदा म्हणजे चपाती कुस्करून गूळतूप घातलेला, दर्ग्यात वाटतात तो. मिल्काबाईंच्या लोकांत मलिदा म्हणजे गोड पोह्यांचं ताट, वर फळं. एलियाहू हनाबी नावाच्या त्यांच्या प्रेषिताचं नाव घेऊन सगळ्यांना वाटायचं. आणि आबांच्या घरी मलिदा म्हणजे टेंडर निघालं की टेबलाखालून येतो किंवा जातो तो. ज्याच्या घरात जो शिजतो तोच त्याला माहीत.

भागवत सर धावत गेले. थोड्या वेळानं आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावणं आलं.

"बसा गं पोरींनो," आबा म्हणाले. आबांनी बसा म्हणायची ही पहिलीच वेळ, म्हणून आम्ही उभ्याच राहिलो. आबांनी मोबाइलवर तो निरोप पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. "ही म्हातारी मलिदा मागती?"

"हो आबा," धनश्री म्हणाली. "त्यांच्यात असतो."

"त्यांच्यात पन असतो." आबांच्या चेहऱ्यावर नातेवाईक भेटल्यासारखं समाधान पसरलं. "बघा भागवत सर. मानूस कुठंबी जाऊ द्या, शेवटी मानूसच. किती लागतो गं?"

"लई न्हाई. एक मोठं ताट."

"ताटात?"

"हो. उघड्यावर, सगळ्यांसमोर ठेवतात."

आबांनी सरांकडे बघितलं. "आन आपन अजून टेबलाखालून करतोय. उगंच न्हाई तो देश पुढं गेला."

मी धनश्रीच्या दंडाला चिमटा काढला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे बघितलं, आणि तिच्या डोळ्यांवरून मला कळलं की तिला कळलंय. मला वाटलं, आता ही सरळ बाई खुलासा करणार आणि दगडावर सिमेंट पडणार. पण ती पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिली.

"तिला एकटीला, का अजून कुनाला?"

"एकटीनं खायचा नसतो तो. सगळ्यांना वाटायचा असतो."

"रीत हाय म्हना. आन हे एलियाहू हनाबी कोन?"

"त्यांच्याच नावानं असतो मलिदा."

"म्हंजे वरचे."

"हो आबा. लई वरचे."

"येनार हायत का?"

"येतात म्हनतात. पन कुनाला दिसत न्हाईत."

"नाव पुढं येऊ देत न्हाईत." आबा मागं रेलले. "पक्का मानूस हाय. पन ह्ये दगडापाशीच कावून? लॉजवर बसू की निवांत."

"जाग्यावरच लागतो. दगड झाकला तर मलिदा न्हाई. आन मलिदा न्हाई झाला तर त्या परत जायच्या न्हाईत, असं म्हनल्यात."

भागवत सर पुढे वाकले. "आबा, म्हणजे ह्यांना दगडाचं सगळं माहीत आहे. जमिनीसकट."

आबांनी फोन उचलला आणि ठेकेदाराला सांगितलं, सिमेंटचं काम थांबव, आन त्या दगडाला हात लावू नको.

बाहेर आल्यावर धनश्री म्हणाली, "मी एक तरी शब्द खोटा बोलले का?"

"न्हाई."

"मग चल. पोहे आनायचेत."

कामरानला सांगितलं तेव्हा तो पायऱ्यांवर बसून पोट धरून हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "आबाला कळू देऊ नका. त्याला कळलं की मलिदा म्हंजे पोहे, तर म्हातारी उतरायच्या आत सिमिट पडंल."

हे आम्हालाही माहीत होतं. त्या दिवसापासून ती पोती तिथंच होती, ताडपत्रीखाली, पावसाची नाही तर आबांच्या शहाणपणाची वाट बघत.

कामरानचे अब्बा खाजामियाँ बसस्टँडजवळ फळं विकतात. आम्ही फळं घ्यायला गेलो तेव्हा त्यांच्या मोबाइलवर गाझाच्या बातम्या चालू होत्या. कोसळलेली घरं, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली लेकरं.

"इस्राएलवाली येतीय म्हनं तुमची," ते म्हणाले. आवाज चांगला नव्हता.

"अब्बा, कबरीसाठी येतीय. तिच्या आत्याच्या," कामरान म्हणाला.

"किती वयाची कबर?"

"सात वर्षांची पोरगी होती. सव्वाशे वर्षं झाली असतील."

खाजामियाँनी मोबाइल उलटा ठेवला. केळी निवडली, चिकू निवडले, खजूर बांधले. "सात वर्षांच्या पोरीनं कुनाचं काय वाकडं केलंय," ते म्हणाले. "हिनंबी न्हाई, तिकडच्यांनीबी न्हाई." आम्ही पाकीट काढलं तर ओरडले, "मलिद्याच्या फळाचे पैसे घेत नसतेत. निघा."

मिल्काबाई आल्या त्या दिवशी आबांची पांढरी गाडी, हलगी, फेटे, सगळं होतं. गाडीतून एवढीशी बाई उतरली. काठापदराची साडी, पायात पांढरे बूट, हातात काठी. सोबत नात, नोआ; तिला मराठी येत नव्हती, ती सगळं मोबाइलमध्ये टिपत होती. मिल्काबाईंनी गर्दीत नजर फिरवली. फोटोवरून धनश्रीला ओळखलं आणि हात पुढे केला. "ये गो."

"धनश्री, जा," भागवत सर दबक्या आवाजात म्हणाले. "मॅडम गो म्हणाल्या."

"ये म्हनल्या सर आधी."

"ये की जा ते त्यांचं ठरलं नसेल. तू जा."

धनश्री त्यांच्याकडेच गेली. म्हातारीनं तिचा हात धरला तो मंडपापर्यंत सोडला नाही, त्यामुळे सरांची अडचण परस्पर मिटली.

मंडपात स्टेजवर खुर्च्या. आबांची खुर्ची कधी नव्हे ती बाजूला सरकली होती. मध्यभागी होती एक मोठी, गादीची खुर्ची, पाठीवर पांढराशुभ्र टर्किश टॉवेल टाकलेली. आपल्याकडे साहेब जितका मोठा तितका टॉवेल पांढरा. समोर नावाची पाटी: 'मा. श्री. एलियाहू हनाबी साहेब.' खुर्ची रिकामी.

मिल्काबाई काठी टेकत स्टेजवर चढल्या आणि त्या पाटीसमोर थांबल्या. अक्षर अक्षर लावून वाचलं.   झालं, आता ही विचारणार हा काय चावटपणा, आबा विचारणार म्हणजे हे साहेब कोण, आणि ताडपत्री निघणार.

"ही खुर्ची कोणी ठेवली?" मिल्काबाईंनी विचारलं.

भागवत सरांनी ताबडतोब आबांकडे बोट दाखवलं. दोष कुणाचा आहे असा प्रश्न आला की सरांचं बोट फार चपळ.

मिल्काबाईंनी आबांचे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी. "आमच्या मशिदीत असते हो ही. लेकराची सुंता करतात ना, तेव्हा एलियाहू हनाबीची खुर्ची मांडतात. रिकामी ठेवतात. तो येतो, पण दिसत नाही. तुम्हाला इथे कोणी सांगितलं हे?"

"म्हाईत हाय मला सगळं," आबा डोळा बारीक करून म्हणाले. "काळजी करू नका. त्येंचं काय कमी पडू देनार न्हाई." मग सरांच्या कानाशी, माईक चालू आहे हे विसरून, "मुसलमान हायत का ह्या? मशीद म्हनाल्या."

"नाही आबा, ज्यूच. जुने लोक प्रार्थनाघराला मशीद म्हणत असतील."

"मोडीत म्हणत असतील सर," कामरान मागच्या रांगेतून बोलला. पोरं हसली.

आबांनी भाषण केलं. इस्राएल आणि बीड ह्यांचं पाण्याचं नातं आहे, दोन्हीकडे ते नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या आयुष्यातलं हे एक खरं वाक्य असावं. शेवटी पाहुण्यांना थेंबावर ऊस कसा घेतात ते सांगायची विनंती केली.

मिल्काबाई माईकपाशी आल्या. "ऊस मला नाही ठाऊक. मी दवाखान्यात लॉन्ड्रीत होते. चादरी धुवायचे. बाळंतिणींच्या, ऑपरेशनच्या. आता दगड दाखवता का?"

वसतिगृहाच्या मागं त्या दिवशी पहिल्यांदा एवढे पुरुष एकदम आले. आबा, भागवत सर, कामरान, एक वार्ताहर. आबांच्या हुकमावरून दोन शिपाई ती गादीची खुर्ची उचलून मागोमाग, टॉवेलसकट. साहेब जागेवर येणार म्हटल्यावर खुर्ची जागेवर नको का. दोरीवरचे कपडे आम्ही मुद्दाम काढले नव्हते. बघू देत.

दगड अक्षरं वर करून ठेवला होता. मिल्काबाईंसाठी धनश्रीनं शेजारी स्टूल मांडलं. त्या बसल्या. काठी बाजूला ठेवून त्यांनी अक्षरांवरून हात फिरवला, आणि धनश्रीनं इतके महिने गिळलेलं एकदम बाहेर आलं.

"आजी, एक सांगते. आमी ह्याच्यावर कपडे धुयाचो. सगळ्याजनी. उलटा होता, आमाला म्हाईत नव्हतं."

भागवत सरांनी डोळे मिटले. आबांनी ताडपत्रीकडे बघितलं.

मिल्काबाई स्टुलावरून पुढे सरकल्या. वाकून दगडाच्या खालच्या कडेला, जिथे मागची बाजू लागत होती, तिथे बोटं घातली. चाचपलं. धोब्याला कापड कळतं तसं.

"तरीच," त्या म्हणाल्या. "एवढा गुळगुळीत. चांगला दगड आहे गो धुण्याला." मग वर बघितलं. "किती वर्षं धुता?"

"आमच्या आधीच्या पोरीबी धुयाच्या. त्यांच्या आधीच्याबी."

"आणि धुताना गप्प राहायच्या?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. "गप कोन राहतंय आजी. सगळ्या होस्टेलच्या भानगडी ह्याच्यावरच," मी म्हणाले.

मिल्काबाईंनी आमच्याकडे बघितलं. जिन्यात, दारात, गॅलरीत पोरी उभ्या होत्या. कुणी गाउनवर ओढणी घेतलेली, कुणाचे केस ओले.

"आणि बाबा म्हणायचे एकटी राहिली," त्या म्हणाल्या. नातीला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. नोआनं मोबाइल खाली घेतला.

मलिदा आम्ही पहाटेच मेसमध्ये केला होता, मिल्काबाईंनी फोनवर सांगितला तसा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. वर खाजामियाँची केळी, चिकू, खजूर. ताट दगडाशेजारी ठेवलं. मिल्काबाईंनी आधी त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हटली, मग मराठीत, एलियाहू हनाबीचं नाव घेत घेत. ते नाव आलं की आबा रिकाम्या खुर्चीकडे बघून जरा ताठ व्हायचे.

मध्येच आबा पुढे झाले, नमस्कार करायला वाकल्यासारखं केलं, आणि केळ्यांच्या घडाखाली काहीतरी सरकवलं. उघड्यावर, ताटात, रीतीप्रमाणे.

वाटायची वेळ आली. मिल्काबाईंनी केळी उचलली. खाली जाड पाकीट. उघडून बघितलं, आत नोटांचा गठ्ठा. त्यांनी पाकीट डोक्यावर धरलं. "हे कोणाचं पडलं?"

पाकिटावर संस्थेचं नाव छापलेलं होतं, मातोश्रींच्या फोटोसकट. मातोश्री फोटोतून सगळ्यांकडे बघत होत्या. सगळे आभाळाकडे बघत होते.

"कोणाचंच नाही?"

आबा हो म्हणू शकत नव्हते, कारण वार्ताहर होता. ते खोकले.

"मग ताटातलं ते सगळ्यांचं," मिल्काबाई म्हणाल्या आणि पाकीट धनश्रीच्या हातात दिलं. "नळ घाला गो अजून दोनतीन. धुवायला एक कट्टा बांधा. ही सुटली आता कामातून, हिला उभी करा." वार्ताहरानं त्याचा फोटो काढला. संस्थेच्या इतिहासात मुलींची मागणी अर्जाशिवाय मंजूर व्हायची ही पहिलीच वेळ. पोरींनी त्याच पैशात संडासाच्या कड्याही धरल्या.

मग सगळ्यांना मलिदा मिळाला. आबांनाही, तळहातावर. त्यांनी तो निरखून बघितला, तोंडात टाकला, चावला.

"पोहे हायत," ते सरांना म्हणाले.

"हो आबा."

"ह्ये झालं लोकाला दाखवायचं. खरा कवा?"

"तेच पाकीट होतं ना आबा. त्यांनी पोरींना देऊन टाकलं."

"कमी पडलं वाटतं."

"कमी नसेल पडलं. साहेब घेतच नसतील."

आबांचा घास तोंडातच थांबला. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, टॉवेलकडे बघितलं. "घेत न्हाई असा मानूस लई वाईट," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खरोखर घाबरलेलं मी बघितलं.

मिल्काबाई संध्याकाळी गेल्या. जाताना धनश्रीला म्हणाल्या, "बोलत जा गो तिच्याशी." बाकी काही नाही. करार झाला नाही, ठिबक आलं नाही. भागवत सरांचा पेपर मात्र आला, 'धर्मापुरी आणि षटकोन: एक शोध'. त्यात आमच्या दगडाचा उल्लेख तळटीपेत आहे, 'एक मोडी शिलालेख' म्हणून.

सिमेंटची पोती आबांनी उचलून नेली. रिबेका आता लिंबाखाली उभी आहे, अक्षरं पुढे करून. तिच्या शेजारी ती गादीची खुर्ची. शिपाई परत न्यायला आले होते, पण आबांनी निरोप पाठवला, राहू द्या. साहेब कधी, कुठल्या रूपात येतील आणि जमिनीचं विचारतील सांगता येत नाही. आले तर त्यांना बसायला खुर्ची पाहिजे, दगड जागेवर दिसला पाहिजे, आणि पोरी खूश दिसल्या पाहिजेत. वॉर्डनबाई एकदा दमून त्या खुर्चीवर टेकल्या, तर त्यांना नोटीस मिळाली.

अधूनमधून आबांचा फोन येतो. धनश्री उचलते.

"काय निरोप हनाबी साहेबांचा?"

"न्हाई आबा. अजून न्हाई."

"नाराज तर न्हाईत ना?"

"दगड हाय तवर न्हाईत."

खुर्चीवरचा टॉवेल धुळीनं लवकर मळतो. पांढराशुभ्र पाहिजे असा हुकूम आहे. दर शनिवारी आम्ही पाळीपाळीनं धुतो, नव्या कट्ट्यावर, नव्या नळाखाली, कुणाचं ठरलं आणि कुणाचं मोडलं ते जरा मोठ्यानं बोलत.